कपाळावरचा तीन

“पण कपाळ कुणाचं आहे, बाबा? माझं ना?”

ताईचा आवाज मठाच्या अंगणात एवढा घुमला, की हंडे भरणाऱ्या बायका नळ चालू ठेवून बघत राहिल्या.

हैबतीबाबांनी बोटाला लागलेलं भस्म धोतराला पुसलं.

“माझं कपाळ, माझी कातडी. मला जे लागलं ते मी सांगितलं. सहा.”

“बरं.”

“बरं म्हणजे? बरोबर का चूक?”

“उद्या ये.”

“चौदा महिने झाले, रोज उद्या ये!”

“मग आजून एक दिस काय जड हाय?”

...

मी तेव्हा दारातच उभा होतो. पाठीवर सॅक, तोंडात पुण्याहून आलेल्या एसटीची धूळ. रसिकाताई माझी मावसबहीण, आणि मी तिला घरी न्यायला आलो होतो. मावशीने मला अगदी शपथ घालून पाठवलं होतं, की प्रणव, तिला घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.

आणि आल्या आल्या हे. मी म्हटलं, वा, काम सोपंच झालं.

आता आधी त्या डोंगराचं सांगतो, नाहीतर काहीच कळणार नाही.

डोंगराचं नाव खांबटाकं. पोटात एक लेणं आहे, प्रचंड, खांबांचं, आणि आत ठार काळोख. जत्रेच्या दिवशी लोक त्यातून फेरी करतात. नियम दोनच. आत दिवा न्यायचा नाही. आत शब्द काढायचा नाही.

मग माणूस चालतो कसा? डावा हात भिंतीला लावून. हाताला भिंत लागते, मग एकदम लागेनाशी होते, म्हणजे एक दार आलं. पुन्हा भिंत. पुन्हा दार. अशी सात दारं आहेत. ती हाताने मोजायची.

तिसऱ्यातून गेलं की बाहेर, कड्यावर, उन्हात. सातव्यातून गेलं की समाधी. बाकीची बुजलेली आहेत, दोन पावलांत नाक आपटतं, एवढंच.

सहावं सोडून. सहाव्यात पाण्याचं टाकं आहे. तीन पुरुष खोल.

जाळी का नाही लावत, असं मी मागच्या वर्षी विचारलं होतं. बाबा म्हणाले, “जाळी लावली, मंग वाटाड्या कशाला?”

तर वाटाड्या म्हणजे ते स्वतः. बेचाळीस वर्षं. लेण्याच्या उंबऱ्याशी काळोखात उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर भस्माने आकडा काढतात. तेवढं दार मोजायचं. नवस फेडायला आलेल्यांना सात, बाकी सगळ्यांना तीन. बेचाळीस वर्षांत एकही माणूस टाक्यात गेलेला नाही.

मीसुद्धा मागच्या जत्रेत गेलो होतो, ताईला भेटायला म्हणून. काय सांगू, उंबऱ्यापलीकडे गेल्यावर आपल्याला आपले हात आहेत का नाहीत हेही कळत नाही! तेवढ्यात मागून, खांद्यावरून एक हात आला, कानाशी भाजलेल्या बडीशेपेचा वास, आणि कपाळावर खरखरीत बोट. सावकाश काढलेला तीन. स्पष्ट तीन. मी मोजत गेलो आणि बाहेर पडलो.

बाहेर संपतने माझा फोटो काढला. फोटोत माझ्या कपाळावर सहा आहे.

मी त्याला दाखवलं, तर तो म्हणाला, “भस्म फिसकटलं आसंल. घामेजला हुतास की.”

हा संपत म्हणजे बाबांचा पुतण्या. त्यालाही वाटाड्या व्हायचं होतं.

कारण बाबांनी यंदा जाहीरच करून टाकलं होतं. “एक्क्याऐंशी झाली. गुडघं म्हनत्यात पुरं. ह्या जत्रंला उंबऱ्यावर म्या न्हाई.” म्हणजे भस्माचा बटवा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार होता. जत्रेला नऊ दिवस राहिले होते.

आणि रोज सकाळी ही परीक्षा. बाबा पुढ्यात, समोरासमोर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि कपाळावर काढायचे. काय काढलं, सांग.

संपत म्हणायचा, तीन.

ताई म्हणायची, सहा.

बाबा दोघांनाही म्हणायचे, उद्या ये.

आता गंमत बघा. सहा बाबा कधी काढतच नाहीत! बायकापोरांना ठाऊक आहे. कुणाला टाक्यात पाठवणार आहेत का ते? म्हणजे काही न कळताही ‘तीन’ म्हणता येतं. आणि बघणाऱ्या सगळ्यांना दिसायचंही, की बाबांनी चांगला ठसठशीत तीन काढलाय.

तरी ही बाई चौदा महिने, रोज, सगळ्यांसमोर, ‘सहा’.

“संपत, तू सांग ना,” ताई आता त्याच्यावर घसरली. “तुला खरंच तीन लागतो?”

संपत बिडी पेटवत होता. “मला काय लागायचं? सहा ल्हीतच न्हाईत, तर सहा म्हनायचं कशाला?”

“म्हणजे तू वाचतच नाहीस!”

“वाचायला काय ती पोथी हाय?”

“बाबा, ऐकलंत? हा वाचतच नाही!”

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. एक गुडघा वाजला. ते गोठ्याकडे निघून गेले.

...

मी ताईला घेऊन पायऱ्यांवर बसलो. तिथल्या टपरीवाल्या मावशींनी न सांगता दोन कटिंग आणून ठेवले.

“चारची एसटी आहे,” मी म्हटलं.

“मला माहितीये.”

“मावशीने सांगितलंय...”

“मला माहितीये रे! मीच शब्द दिलाय आईला. यंदाच्या जत्रेला बटवा मिळाला तर मिळाला, नाहीतर परत येऊन मुकाट्याने ऑफिसला जाईन.”

“मग जत्रेला नऊ दिवस आहेत अजून.”

“नऊ दिवसांत काय होणारे? नऊ वेळा ‘उद्या ये’.” तिने चहा एका घोटात संपवला. भाजलं असणार. बोलली नाही.

“ताई, एक विचारू? रागावू नको.”

“विचार.”

“तीन म्हणून टाक ना.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी जरा सरकून बसलो.

“एक दिवस. फक्त उद्या. सगळ्यांना दिसतंय तीन आहे. बाबांना माहितीये तीन आहे. तुला पण माहितीये!”

“मला लागतो सहा.”

“पण आहे तीन.”

“कुणासाठी?”

“अगं, सगळ्यांसाठी!”

“सगळे बाहेर उभे आहेत, पण्या. मी आत आहे. माझ्या कपाळाच्या आतून बघितलं, तर पोट उजवीकडे नाही येत, डावीकडे येतं. तीन आरशात धर, सहा होतो. आणि उद्या जत्रेला एखादी म्हातारी येईल, पहिल्यांदाच. तिला थोडंच माहितीये की सहा लिहीत नाहीत? तिला जे लागेल ते ती मोजेल. मी खोटं बोलून बटवा घेतला, तर त्या म्हातारीला काय सांगू?”

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“बस समोर,” ती म्हणाली. “डोळे मीट.”

तिने माझ्या कपाळावर बोटाने काहीतरी काढलं.

“काय?”

“तीन.”

“खोटारडा!”

“अगं देवाशपथ! तीनच वाटला!”

“आतून वाच.”

“आतून म्हणजे कुठून? मला तू दिसत्येस डोळ्यांसमोर, तू लिहित्येस असं. तसाच वाचला मी.”

“तू माझ्या डोळ्यांनी वाचलास. स्वतःच्या कपाळावरचं!”

“मग तू वाच.”

मी तिच्या कपाळावर तीन काढला. ती म्हणाली सहा. मी पुन्हा काढला. पुन्हा सहा. टपरीवाल्या मावशींना बसवलं, त्या म्हणाल्या सहा. त्यांचे यजमान म्हणाले तीन. दूध घेऊन आलेला माणूस म्हणाला, मला नुसत्या गुदगुल्या होतायत. मग त्या नवराबायकोतच जुंपली. त्या म्हणत होत्या, बत्तीस वर्षं सगळं उलटंच घेतो हा माणूस.

मला हसू आवरेना. ताईला मात्र नाही आलं.

ती गप्प झाली होती. ती गप्प झाली की मला भीती वाटते. शाळेत असताना अशीच गप्प झाली होती, आणि मग हेडमास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसली होती.

“म्हणजे अर्धे लोक टाक्यात जायला हवेत,” ती म्हणाली. “बेचाळीस वर्षांत अर्धी जत्रा बुडायला हवी.”

“बुडली नाही ना पण.”

“हो ना. मग हे करतात काय?”

“विचार की बाबांना.”

“विचारलं. उद्या ये म्हणतात.” ती उठली. “आता विचारणार नाही.”

...

बाबा गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. ताई सरळ आत घुसली. मी मागे, शेणात पाय.

“बाबा, आज माझी परीक्षा नको. तुमची.”

म्हशीने मान वळवली. बाबांनी नाही.

“बेचाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या कपाळावर लिहिलंत. तुमच्या कपाळावर कुणी लिहिलंय कधी?”

“न्हाई बा.”

“मी लिहिते. बघू तुम्हाला काय लागतं ते.”

मला वाटलं, संपलं. आता बटवा तर नाहीच, मठाबाहेरच काढतील. संपत गोठ्याच्या दारात येऊन ठेपला होता. त्याच्या चेहऱ्यावर अगदी सणासुदीचा आनंद.

“आन् मला काय लागलं ते म्या सांगू?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“तोंडानं सांगितल्यालं तू खरं धरशील?”

ताई जरा अडखळली. “का नाही धरणार?”

“संपत रोज तोंडानं सांगतो.”

...

संपतचा आनंद थोडा उतरला.

बाबांनी कमरेचा बटवा सोडला. काळाकुळकुळीत झालेला कापडी बटवा. तिच्याकडे फेकला. तिने झेलला.

“चल, आत. पायांनी सांगतो.”

“आत म्हणजे... लेण्यात?”

“मंग कुठं? हितं म्हशीला सांगू?” आणि माझ्याकडे बघून, “पुणेकर, तू बी चल. साक्षीला कुनी पायजे. संपत, तू वरनं कड्यावर जा. तिसऱ्या दाराशी बस. आमी येतोय.”

“आन् न्हाई आला तर?” संपत म्हणाला.

“मंग जत्रा तू बघ.”

...

लेण्याच्या उंबऱ्याशी शेवटचा उजेड पडतो. एवढासा, तळव्याएवढा. तिथे बाबा उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. ताठ. पाय रोवून. कुस्तीत सलामी देतात ना, तशी.

तिने बटव्यात बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळावर आकडा काढला. मी तिच्या मागे होतो, मला स्पष्ट दिसलं. तीन. वरचं पोट, खालचं पोट, मग शेपटी. इतका सुंदर, की पाटीवर गिरवायला द्यावा. तिचं अक्षर पहिल्यापासून चांगलंच.

बाबांचा चेहरा हलला नाही. मिटल्या डोळ्यांनी ते वळले, डावा हात भिंतीला लावला आणि चालायला लागले.

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी ताईच्या ओढणीचं टोक धरलं. आणि उजेड संपला.

...

आतलं सगळं हाताने सांगतो. दुसरं काही नव्हतंच.

भिंत गार. थोडी ओलसर. छिन्नीच्या रेघा तिरक्या, वरून खाली. बोटं त्यांच्यावरून टकटक टकटक जातात, आणि तेवढ्यावरूनच कळतं की आपण पुढे चाललोय. रेघा संपल्या, हात हवेत गेला.

एक.

पुन्हा भिंत. मी पावलं मोजायला लागलो, मग विसरलो. ओढणी ताणली की चालायचं, सैल झाली की थांबायचं. पुढे ताईचा श्वास. त्याच्या पुढे बाबांच्या गुडघ्याचा आवाज, कट, कट.

दोन.

मला मागच्या वर्षीचं आठवत होतं. दोननंतर भिंत जरा पोट काढते, मग तिसरं दार. त्या दारातून कोरडा वारा येतो, उन्हाने तापलेल्या दगडाचा वास असतो त्याला. आला. तोंडावर आला. वळायचं.

तीन.

ओढणी वळली नाही.

मला वाटलं, ताई चुकली. मग कळलं, ताई नाही. गुडघा तसाच पुढे चालला होता. कट, कट.

ओढणीला एक हिसका बसला. ताईने बाबांचा खांदा दाबला असणार. बोलायचं तर नाही! शंभर वर्षांत त्या लेण्यात कुणी शब्द काढलेला नाही, असं सांगतात.

कट. कट.

चार.

मी मनात म्हटलं, थट्टा करतायत. घाबरवतायत तिला. त्यांना इंच न् इंच माहितीये.

पाच.

आता भिंत खरंच ओली झाली होती. बोटांना शेवाळ लागलं, बुळबुळीत. छिन्नीच्या रेघाही बदलल्या, आता आडव्या. वास बदलला. पाण्याचा वास. जुन्या, कुणी न ढवळलेल्या पाण्याचा.

ओढणी इतकी ताणली गेली की माझ्या बोटाला काचली.

हात हवेत गेला.

सहा.

गुडघा वळला.

एक खडा कुठूनतरी सुटला. मी ऐकत राहिलो. ऐकत राहिलो... आणि मग खूप खाली, टुबुक.

“बाबा! थांबा!”

अरे देवा! तो आवाज! सगळ्या खांबांनी तो झेलला आणि एकमेकांकडे फेकला. थांबा, थांबा, थांबा. वटवाघळं सुटली. माझ्या कानाशेजारून फडफडत गेली. मी खाली बसलो, खोटं कशाला सांगू, डोकं धरून बसलो. सदऱ्याचं कापड टर्रकन फाटल्याचा आवाज आला. मग कुणीतरी कुणाला तरी ओढलं, आणि दोन माणसं माझ्या अंगावर पडली.

बडीशेपेचा वास आला. म्हणजे बाबा आमच्यातच होते.

...

नियम तर मोडलाच होता. मग ताईने तो पुरताच मोडला.

“तुम्हाला माहीत होतं ना, सहाव्यात पाणी आहे?”

“व्हय.” काळोखात बाबांचा आवाज एकदम साधा. ओट्यावर बसून बोलतायत असा.

“मग वळलात का?”

“तू धाडलंस.”

“मी? मी तीन काढला होता!”

“मला सहा लागला.”

...

“मग चुकीचं लागलं असं म्हणायचं ना! तुम्हाला माहितीये मी तुम्हाला मारायला नाही आणलंय! बेचाळीस वर्षं इथे चालताय. मनाने चालायचं!”

“मनानं संपत चालतो.”

“बाबा!”

“तू चौदा म्हैनं सहा म्हनलीस. समद्यांनी तीन सांगितला, तरी सहा. लाज न्हाई वाटली तुला. मग आज मला का लाज वाटावी?”

ताईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. जोरजोरात.

“चला,” मी म्हटलं. “प्लीज, बाहेर चला आधी.”

परत फिरताना उजवा हात भिंतीला. मी पुढे होतो आता, कसा झालो ठाऊक नाही. पाच, चार, आणि मग तो कोरडा वारा. मी जवळजवळ धावलो.

...

ऊन इतकं होतं की डोळ्यांतून पाणी आलं.

संपत कड्यावर उकिडवा बसला होता. आमच्याकडे बघून उठला. माझ्या पँटला शेण आणि शेवाळ, ताईचे कोपर सोललेले, बाबांचा सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत उघडा. आणि त्याचं लक्ष गेलं ते बाबांच्या कपाळाकडे.

“आयला!” तो म्हणाला. “तीन काय झकास काढलाय! एकदम छापील!”

खरंच. पडापडीत जरासुद्धा पुसला नव्हता. सुरकुत्यांवरून सरळ उतरलेला, दोन पोटं, एक शेपटी.

ताईने तो बघितला. मी तिचा चेहरा बघत होतो. तिथे काय काय येऊन गेलं मला सांगता नाही येणार. पण शेवटी आलं ते तेच, तिचं नेहमीचं. हनुवटी वर.

“बघा!” ती म्हणाली. “बघा, तीनच आहे! संपतला दिसतोय. पण्याला दिसतोय. तुमचा कितीही राग असला माझ्यावर तरी मी बरोबर काढलाय. जगात कुणालाही विचारा!”

मी मोबाइल काढला. का काढला, माहीत नाही. मागच्या वर्षीचा तो फोटो उघडला. मी कड्यावर, ह्याच दगडाशी, दात काढून उभा, आणि कपाळावर बाबांनी काढलेला सहा.

मला तो मागून, खांद्यावरून आलेला हात आठवला. कानाशी आलेला वास.

मी फोटो ताईच्या पुढे धरला.

तिने तो बघितला. मग बाबांच्या कपाळाकडे. मग पुन्हा फोटो.

हनुवटी वरच होती. पण तोंड उघडं राहिलं.

संपत म्हणाला, “काय झालं? भस्म फिसकटलं हुतं त्येचं.”



बटवा अजून ताईच्या मुठीत होता. तिने तो बाबांच्या पुढे केला. परत घ्या, असा. त्यातसुद्धा आदळआपट होतीच.

बाबांनी तो घेतला नाही. ते सावकाश वळले. एक हात गुडघ्यावर, एक दगडावर, असे करत करत ताईकडे पाठ करून बसले. तोंड दरीकडे, उन्हात. फाटक्या सदऱ्यातून पाठीचा कणा मण्यामण्याने दिसत होता.

“समद्यांना दिसतोय म्हनतीस. आसंल,” ते म्हणाले. “देखना बी आसंल. मला माजं कपाळ दिसत न्हाई, पोरी.”